शील्ड गेली, करंडक आला: मुंबई सिटीच्या मागे कोलकाता, गोवा आणि पुन्हा कोलकाता

शुक्रवार, १२ एप्रिल २०२४

गणित सोपं होतं. फुटबॉलच्या इंडियन सुपर लीगमध्ये २१ सामन्यांनंतर आमची मुंबई सिटी ४७ गुणांवर, कोलकात्याचं मोहन बागान ४५ वर. लीगचा शेवटचा सामना सोमवारी, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, ह्याच दोघांत. बरोबरी झाली तरी शील्ड आमची. शील्ड साखळीत पहिल्या येणाऱ्याची, करंडक त्यानंतरची बाद फेरी जिंकणाऱ्याचा. असा सामना घरी सोफ्यावर बसून बघायचा नाही, हे आमच्या टोळीनं मार्चमध्येच ठरवून टाकलं होतं आणि हावडा मेलची तिकिटं काढून ठेवली होती.

ही जिद्द कुठून येते ते सांगायला हवं. २०२०-२१ च्या हंगामात आमच्या क्लबनं शील्ड आणि करंडक दोन्ही जिंकले, पण तो कोरोनाचा हंगाम. सगळे सामने गोव्यात, प्रेक्षकांविना. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यावर बिपिन सिंगनं ९० व्या मिनिटाला गोल मारून अंतिम सामना जिंकून दिला आणि त्या गोलावर एकही मुंबईकर स्टँडमधून ओरडला नाही, कारण स्टँडमध्ये कुणीच नव्हतं. आपला पहिला करंडक आपण टीव्हीवर बघितला, ही रुखरुख आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत गोव्याला ५-३ हरवून पुन्हा शील्ड जिंकली, तेव्हा ती थोडी कमी झाली. करंडकाची मात्र तशीच राहिली.

गाडी नऊच्या सुमारास सीएसएमटीहून सुटली. दादर, कल्याणला बाकीचे चढले. आमच्यात बँकेतले आहेत, कॉलेजातले आहेत, भांडुपचे एक काका आहेत ज्यांनी महिंद्रा युनायटेडचे सामने मुंबईच्या कूपरेज मैदानावर बघितलेत. त्यांनी डब्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. कसाऱ्याचा घाट चढेपर्यंत डबा रिकामा झाला.

शनिवार, १३ एप्रिल

अख्खा दिवस गाडीत. पहाटे अकोला, मग बडनेरा, वर्धा, नागपूर. विदर्भातलं ऊन खिडकीच्या गजांना हात लावू देत नव्हतं. गोंदियानंतर मराठी पाट्या संपल्या.

काकांनी दुपारभर जुन्या मुंबईचं फुटबॉल सांगितलं. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया. सगळे कंपन्यांचे संघ. महिंद्रा युनायटेडनं २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० मध्ये कंपनीनं संघच बंद केला. काका म्हणाले, "आम्ही मॅच बघायला जायचो, पण तो संघ आमचा नव्हता रे. मालकानं कुलूप लावलं आणि आम्ही घरी बसलो." मुंबई सिटीही मालकांचीच आहे, २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीवाल्या समूहानं तिच्यात मोठा वाटा घेतला, हे मला माहीत आहे. पण २०१४ पासून ह्या क्लबभोवती जी माणसं जमली, ती कुणी पगारावर ठेवलेली नाहीत. क्लब शहराचा व्हायचा असेल तर शहरातल्या माणसांनी त्याच्यामागे गाड्या पकडून जायला हवं. ह्याला दुसरी वाट मला तरी दिसत नाही.

रविवार, १४ एप्रिल

पहाटे हावडा. ह्या वर्षी हुगळीच्या पाण्याखालून मेट्रो सुरू झाली आहे, मार्चपासून. आम्ही एस्प्लनेडला आलो. बाहेर पडलो तर शहर नटलेलं. आज पोयला बैशाख, बंगाली नवं वर्ष. आपल्याकडे आंबेडकर जयंतीची गर्दी दादरला असेल, इथे बायका लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून देवळांकडे निघालेल्या.

आम्ही सामान टाकून 'मैदान' नावाच्या मोठ्या मोकळ्या भागात गेलो, कारण आजच्या दिवशी इथे जे होतं ते भारतात दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. त्याला बारपूजा म्हणतात. मैदानावरचे क्लब नव्या वर्षाच्या सकाळी गोलपोस्टची पूजा करतात. दसऱ्याला आपल्याकडे कारखान्यात यंत्राला झेंडूचा हार घालतात, तसा इथे गोलच्या खांबाला हार. पुरोहित मंत्र म्हणतो आणि चेंडूही पूजेत असतो. मोहन बागानच्या तंबूशी, म्हणजे मैदानावरच्या त्यांच्या क्लबघराशी, हिरव्या-मरून रंगाची गर्दी होती. आम्ही आमच्या आकाशी जर्स्या बॅगेतच ठेवल्या होत्या. भीतीनं नव्हे, दुसऱ्याच्या पूजेत आपला झेंडा मिरवू नये म्हणून.

हा क्लब १८८९ चा. २९ जुलै १९११ ला ह्यांच्या अकरा जणांनी, एक सोडून सगळ्यांनी अनवाणी खेळून, ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ हरवलं आणि आयएफए शील्ड ही तेव्हाची स्पर्धा जिंकली. गोऱ्या पलटणीला मैदानावर हरवता येतं, हे तेव्हा लाखो लोकांना कळलं. कर्णधार शिबदास भादुरींचं नाव इथली शाळकरी पोरंही सांगतात. एक सत्तरीचे गृहस्थ आमच्याशी हिंदीत बोलायला लागले. मुंबईचे आहोत कळल्यावर त्यांचे डोळे चमकले. "कूपरेज!" ते म्हणाले. "रोव्हर्स कप!" १८९१ ला मुंबईत सुरू झालेली ही स्पर्धा मोहन बागाननं पहिल्यांदा १९५५ मध्ये जिंकली आणि पुढे एकूण १४ वेळा. आमच्या शहराची स्पर्धा, आणि तिची आठवण आमच्यापेक्षा कोलकात्यानं जास्त जपलेली. ते आम्हाला मिठाईच्या दुकानात घेऊन गेले आणि पैसे देऊ देईनात.

निघताना म्हणाले, "उद्या मात्र तुम्ही हरणार."

सोमवार, १५ एप्रिल

सियालदाहून मेट्रोनं सॉल्ट लेक स्टेडियम स्टेशन. डबाभर हिरवा-मरून रंग, मध्ये आम्ही आकाशी. कुणी वाकडं बोललं नाही. लहान पोरं आमच्या जर्सीवरचं नाव वाचून हसत होती. स्टेशनाबाहेर पोलिसांनी आम्हाला बाजूला काढलं आणि वेगळ्या फाटकातून पाहुण्यांच्या स्टँडमध्ये नेलं.

अंधेरीत आमच्या घरच्या मैदानावर काही हजार माणसं बसतात. इथे ६० हजारांहून जास्त लोक एका सुरात ओरडतात तेव्हा तो आवाज कानाला ऐकू यायच्या आधी छातीला जाणवतो. आमच्याकडे दोन ड्रम होते. वाजवणाऱ्यालाच त्यांचा आवाज येत नव्हता, तरी तो थांबला नाही.

२८ व्या मिनिटाला लिस्टन कोलासोनं पहिला गोल केला. लिस्टन गोव्याचा पोर, आणि कोलकात्यात त्याच्या नावाचा गजर. ८० व्या मिनिटाला जेसन कमिंग्सनं दुसरा. ८९ व्या मिनिटाला छांगतेनं एक फेडला आणि आम्ही उभे राहिलो ते शेवटच्या शिट्टीपर्यंत बसलो नाही. आणखी एक गोल, एवढंच हवं होतं. तो आला नाही. २-१. मोहन बागान ४८, आम्ही ४७.

त्यांची ही पहिलीच लीग शील्ड होती. डिसेंबरात अंधेरीला आम्ही ह्यांनाच २-१ हरवलं होतं, त्या सामन्यात रेफरीनं सात लाल कार्डं काढली होती, आणि त्या रात्री शील्ड आमचीच असं आम्ही धरून चाललो होतो. हंगामाच्या मध्यावर प्रशिक्षक डेस बकिंगहॅम इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, जानेवारीत आमचा खेळाडू ग्रेग स्ट्युअर्ट गेला, तरी नवे प्रशिक्षक पेत्र क्रात्की ह्यांनी संघ शेवटच्या दिवसापर्यंत पहिल्या जागेवर ठेवला. अशा हंगामाचा शेवट एका गुणानं व्हावा, ह्याचं दुःख फार खोल असतं. आमच्यातली चुनाभट्टीची ताई हमसून रडली. सामना संपल्यावर खेळाडू आमच्या कोपऱ्याकडे आले, टाळ्या वाजवल्या, माना खाली. आम्ही क्लबचं नाव घेत राहिलो. त्या वेळी ते करणं मला कुठल्याही विजयी जल्लोषापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

मंगळवार-बुधवार, १६-१७ एप्रिल

परतीची गाडी. कुणी फारसं बोललं नाही. टाटानगर, बिलासपूर, नागपूर. १७ ला रामनवमी होती. गाडीतल्या एका कुटुंबानं प्रसादाची सुंठवड्याची पुडी सगळ्या डब्यात फिरवली.

बुधवार, २४ एप्रिल

शील्ड गेली, करंडक बाकी होता. उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांतला पहिला, एफसी गोवा, फातोर्डा. कोकणकन्येनं रात्री निघालो. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा झोपेत गेला. जाग आली तेव्हा काजूच्या बागा आणि लाल माती.

मडगावला दुपारी बाजारात फिरलो. निवडणुकीचे दिवस, गोव्यात ७ मे ला मतदान, म्हणून भिंतींवर उमेदवार आणि त्यांच्याच शेजारी क्लबचे भगव्या-नारिंगी रंगाचे फलक. गाड्यावर रस-ऑम्लेट आणि पाव खाल्ला. हुर्राकचा, म्हणजे काजूच्या दारूचा, हंगाम होता, पण सामन्याआधी नको असं काकांनी बजावलं आणि सगळ्यांनी ऐकलं.

गोव्यातलं फुटबॉल मला कोलकात्यापेक्षाही जवळचं वाटतं, कारण ते गावातलं आहे. चर्चच्या बाजूला मैदान, देवळाच्या मागे मैदान, भात कापून झालं की शेतातच खांब रोवलेले. साळगावकर, चर्चिल ब्रदर्स, पाच वेळा राष्ट्रीय विजेता झालेला धेंपो. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक ह्याच मातीतला. गाड्यावरच्या मामांशी बोलताना आम्ही मराठीत, ते कोंकणीत, आणि कुणालाच काही अडलं नाही. त्यांना गोव्याच्या बाजूनं ३-० दिसत होतं.

सामन्यात तसंच व्हायला लागलं. १६ व्या मिनिटाला बोरिस सिंग, ५६ व्या मिनिटाला ब्रँडन फर्नांडिस. २-० झाल्यावर फातोर्ड्याच्या नारिंगी स्टँडनी जो नाच धरला तो बघण्यासारखा होता. ब्रासचा बँड, मंडोचा ठेका, सगळं गाव जत्रेला आल्यासारखं. आमच्या हातात फक्त अंधेरीचा दुसरा सामना उरला होता आणि ८५ व्या मिनिटाला मी मनात हिशेब करत होतो, दोन गोलांची पिछाडी घरी भरून निघेल का.

९० व्या मिनिटाला छांगते. २-१. चला, एक तरी फेडला.

९० अधिक १ ला विक्रम प्रताप सिंग. २-२. आमच्यातला कुणी कुणाच्या अंगावर पडलं ते कळलं नाही. माझा चष्मा दोन ओळी खाली सापडला.

९० अधिक ६ ला पुन्हा छांगते. ३-२.

मी फुटबॉल लहानपणापासून बघतो. सहा-सात मिनिटांत असं उलटलेलं मी दुसऱ्यांदा बघेन असं वाटत नाही. पंधरा हजारांचा आवाज एकदम बंद झाला आणि त्या शांततेत पहिल्यांदाच आमचे ड्रम आम्हाला नीट ऐकू आले. भांडुपचे काका, जे कधीच ओरडत नाहीत, खुर्चीवर चढून "मुंबई! मुंबई!" करत होते. मैदानावर छांगते गुडघ्यांवर बसला होता. लालियानझुआला छांगते, मिझोरमचा. आमच्या शहराचा नायक दोन हजार किलोमीटरवरच्या डोंगरातून आलाय, आणि मुंबईला ह्यात काहीच नवं नाही. ह्या शहराला असंच कुणी ना कुणी बाहेरून येऊन उभं करत आलंय.

बाहेर पडताना गोव्याच्या एका मुलीनं आमच्यातल्या ताईकडे स्कार्फ बदलून मागितला. आता ताईच्या घरी नारिंगी स्कार्फ आहे.

सोमवार, २९ एप्रिल

अंधेरी. ह्या प्रवासाला लोकल आणि मेट्रो पुरते, आझादनगर स्टेशनवर उतरलं की शहाजी राजे क्रीडा संकुल समोरच. घामाच्या धारा, खच्चून भरलेलं मैदान. ६९ व्या मिनिटाला पेरेरा दियाझ, ८३ व्या मिनिटाला छांगते. २-० आणि एकूण ५-२. एवढंच लिहितो, कारण शिट्टी वाजायच्या आत निम्मे लोक मोबाइलवर हावड्याची तिकिटं बघत होते. आदल्या दिवशी दुसऱ्या उपांत्य फेरीत बागाननं ओडिशाला हरवलं होतं. अंतिम सामना ४ मे, पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा तेच.

उन्हाळी सुट्टीत हावड्याचं तिकीट मिळणं कठीण. कुणी तात्काळमध्ये काढलं, कुणी रायपूरपर्यंत एक आणि पुढे दुसरं जोडलं, दोघे विमानानं आले. ज्याला ऑफिसातून रजा मिळाली नाही त्यानं बाकीच्यांच्या जेवणाचे पैसे पाठवले.

गुरुवार-शुक्रवार, २-३ मे

सकाळची गीतांजली. ह्या वेळी डबा बोलका होता. शुक्रवारी दुपारी हावड्याला उतरलो तर भट्टीत उतरल्यासारखं. त्या आठवड्यात कोलकात्यानं ४३ अंश बघितले होते.

संध्याकाळी खानावळीत टीव्हीवर आयपीएल. वानखेडेवर मुंबई इंडियन्स आणि कोलकाता नाइट रायडर्स. कोलकात्यानं २४ धावांनी जिंकलं आणि खानावळीचा मालक आम्हाला म्हणाला, "आज तुमच्या घरी आम्ही जिंकलो. उद्या आमच्या घरीही आम्हीच." ताई त्याला म्हणाली, "दादा, उद्या रात्री जेवायला येतो, तेव्हा बोलू."

शनिवार, ४ मे

तोच रस्ता, तेच फाटक, तोच स्टँड. १५ एप्रिलला जिथे बसलो होतो तिथून फार तर दहा पावलांवर. बागानवाल्यांना दुहेरी मुकुट हवा होता आणि स्टेडियम पुन्हा ६० हजारांच्या वर गेलं होतं.

पूर्वार्ध आमचा होता. चेंडू आमच्याकडे, संधी आमच्या, आणि गोल त्यांचा. ४४ व्या मिनिटाला त्यांच्या पेत्रातोसचा फटका आमचा गोलरक्षक लाचेन्पाच्या हातून सुटला आणि कमिंग्सनं तो आत ढकलला. मध्यंतराला आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. पाणी संपलं होतं, जर्स्या अंगाला चिकटल्या होत्या. काकांनी फक्त म्हटलं, "फातोर्डा आठवा."

५३ व्या मिनिटाला दियाझ. १-१. आता मैदानावर फक्त आकाशी रंग दिसत होता. छांगते उजवीकडून पुन्हा पुन्हा शिरत होता, अपुइया मधल्या फळीत प्रत्येक चेंडू उचलत होता. बागानचे लोक दमले होते ते आम्हाला वरून दिसत होतं.

८१ व्या मिनिटाला बिपिन. तोच बिपिन, २०२१ चा. तेव्हा रिकाम्या खुर्च्यांसमोर, आज ६० हजारांसमोर, आणि त्या ६० हजारांत आम्ही. माझ्या घशातून आवाजच आला नाही. तीन वर्षं जो गोल ओरडायचा राहिला होता तो आता ओरडता येईना, कारण डोळे भरले होते. बाजूची ताई माझा दंड धरून उड्या मारत होती.

शेवटी जादा वेळेत, ९० अधिक ७ ला, व्होज्तुस. ३-१.

राहुल भेके मुंबईचाच. त्या कर्णधारानं करंडक उचलला तेव्हा स्टेडियम बरंचसं रिकामं झालं होतं. पण आमच्या स्टँडच्या पलीकडे बागानचा एक गट थांबला होता. त्यांनी आमच्याकडे बघून टाळ्या वाजवल्या. तीन आठवड्यांपूर्वी त्यांच्या शील्डला आम्ही टाळ्या वाजवू शकलो नव्हतो, ते त्या वेळी आमच्या लक्षात आलं, आणि आम्ही त्यांच्यासाठी पुन्हा पुन्हा वाजवल्या. १९११ पासून चालत आलेल्या लोकांकडून एवढं तरी शिकावं.

खानावळीत रात्री गेलो. मालकानं काही न बोलता चिंगडीची, म्हणजे कोळंबीची, मलाई करी समोर ठेवली. बागान जिंकलं की इथे चिंगडी, कोलकात्याचाच दुसरा क्लब ईस्ट बंगाल जिंकला की इलिश मासा. त्यानं सकाळीच आणून ठेवली होती. आम्ही ती त्याच्यासोबत बसून खाल्ली.

त्यानंतर

उन्हाळ्यात संघ मोडला. अपुइया मोहन बागानला गेला, दियाझ आणि भेके बेंगळुरूला. हे दरवर्षी होतं, पण ह्या वेळी जास्त लागलं. काका म्हणाले, "महिंद्राचं अख्खं गेलं होतं, हे तर तिघंच गेलेत."

मग नव्या हंगामाचं वेळापत्रक आलं. पहिलाच सामना १३ सप्टेंबर, सॉल्ट लेक, मोहन बागान. गणपती ७ तारखेला बसणार, गौरी १२ ला जाणार. घरी आईला विचारलं. ती म्हणाली, गौरी पाठवून ये आणि मग कुठे जायचं तिथे जा. आगगाडीनं वेळेत पोचणं शक्य नव्हतं, म्हणून पहाटेचं विमान. अर्ध्या तासाच्या आत आम्ही ०-२ मागे पडलो होतो. ७० व्या मिनिटाला तिरीनं एक फेडला, ९० व्या मिनिटाला क्रौमानं दुसरा. २-२. रात्री त्याच खानावळीत जेवलो, आणि तिथेच बसून पुढच्या सामन्यांच्या तारखा कॅलेंडरवर लाल पेनानं मारल्या.